वेडी बाभूळ आणि आम्ही शहाणे

चार शिकलेली माणसं एक खिळा ठोकायला जमली की किस्से आपोआप तयार होतात. खिळा तेवढा राहून जातो. आमच्याकडे तर झाडाला खिळा ठोकायलाच मनाई. म्हणजे किस्से किती साठले असतील, विचार करा!

लोक विचारतात, “काका, एवढं लक्षात कसं ठेवता?” मी काही ठेवत नाही. दर रविवारी नवीन घडतं. जुनं विसरायला सवडच मिळत नाही.

मी रामटेके. चौथी पास. सरकारी गाडी चालवून रिटायर झालो. दिल्लीत आर. के. पुरमच्या क्वार्टरात संसार केला. आता मुलाकडे गुरुग्रामला, चौदाव्या मजल्यावर. चौदाव्या मजल्यावर पायाखाली जमीन नसते, दुसऱ्याचं छत असतं. म्हणून मी रोज खाली उतरतो आणि सोसायटीच्या मागच्या पट्ट्यात जातो.

पट्टा म्हणजे सरकारी जागा. झाडी, आणि मधून एक पायवाट. सोसायटीचे प्रेसिडेंट मल्होत्रा साहेब. त्यांना तिथे पार्किंग हवं. घराघरात दोन गाड्या आहेत आणि तिसरी बुक केलेली आहे. वनखात्याच्या साहेबांनी सांगितलं, “हिवाळ्यात येऊन बघतो. लोक जागा वापरतात असं दिसलं तर नेचर ट्रेल म्हणून ठेवू. नाही तर पार्किंगचा विचार करू.”

मला ती जागा हवी होती. मी कुठे बोललो नाही. बोलणारे पुष्कळ होते.

त्यात पहिल्या गोखले मॅडम. पुण्याच्या कॉलेजात बॉटनी शिकवून रिटायर झालेल्या, आता मुलीकडे राहतात. त्यांनी सोसायटीतली मराठी माणसं जमवली आणि ठरवलं, पट्ट्यातल्या झाडांना नावाच्या पाट्या लावायच्या. “नाव असलेलं झाड तोडताना माणूस दोनदा विचार करतो,” असं त्यांचं म्हणणं. दुसरा निखिल सबनीस. आयटीवाला. पोरगा चांगला आहे, फक्त मोबाइलने सांगितल्याशिवाय त्याला आंबासुद्धा आंबा वाटत नाही. तिसरा मी. माझं काम पाट्या बांधायचं.

*

पहिली मीटिंग क्लब हाउसमध्ये झाली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव काय ठेवायचं, यावर चहा झाला. लोगोत पान असावं की फूल, यावर दुसरा चहा झाला. पाटी कशी बांधायची ते जाता जाता, चपला घालताना ठरलं.

खिळा नाही. तारही नाही, खोड वाढलं की ती आत रुतते. मॅडम म्हणाल्या, “तारेला स्प्रिंग हवी. झाड जाड झालं की स्प्रिंग ताणली जाते, खोडाला त्रास होत नाही.”

स्प्रिंग आणायचं मी कबूल केलं. ओळखीच्या मेकॅनिककडून स्कूटरच्या स्टँडच्या आणल्या. माल पक्का होता. आयुष्यात कधी कच्चा माल आणलेला नाही.

पहिली पाटी शिरीषाला. एका बाजूने मी ताणलं, दुसऱ्या बाजूने निखिलने धरलं. निखिलचा हात सुटला. पाटी अशी आली, की सटकन त्याच्या कपाळावर! पोरगा खाली बसला. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ.

गोखले मॅडम धावत आल्या. निखिलला ओलांडून पुढे गेल्या, खोडावर हात फिरवला आणि घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या, “रामटेके, साल तर नाही ना निघाली?”

*

मग कळलं की पट्ट्यात अर्ध्याहून जास्त झाडं एकाच जातीची आहेत. विलायती कीकर. आपल्याकडे वेडी बाभूळ म्हणतात ती. दिल्लीच्या आसपास कुठेही जा, तीच.

मॅडमनी जाहीर केलं, “हिला पाटी मिळणार नाही. ही परदेशी आहे. बाहेरून आली, पसरली, इथल्या झाडांची जागा खाल्ली.”

निखिल म्हणाला, “मॅडम, पण हिला सोडलं तर पुढच्या निम्म्या वाटेवर पाटीच नाही. साहेबांना दाखवायचं काय?”

“तत्त्व म्हणजे तत्त्व!”

आम्ही उभे होतो गुरुग्राममध्ये. मॅडम पुण्याच्या, निखिल ठाण्याचा, मी नागपूरकडचा. मी म्हटलं, “मॅडम, बाहेरून येऊन जागा खाल्ली म्हणता, तर आपली नावं इथल्या मतदार यादीत कशी काय आली?”

पुढचा रविवार मॅडम माझ्याशी बोलल्या नाहीत. काम लवकर आटोपलं.

*

पिंपळाच्या वेळी मात्र मीच अडून बसलो.

मॅडमनी लिहून आणलं होतं ‘पिंपळ’ आणि खाली लॅटिन नाव. मी म्हटलं, “बोधिवृक्ष लिहा.” त्या म्हणाल्या, “ते शास्त्रीय नाव नाही.” मी म्हटलं, “आमच्या घरात तेच नाव आहे. दुसरं मी बांधणार नाही.” बांधणारा मी एकटा होतो. त्यांनी लिहिलं.

ते ऐकून टॉवर बीमधल्या बायका आल्या. इसमें तो देवता का वास है, वो भी लिखो. लिहिलं. मग कोणी म्हणालं, चोवीस तास ऑक्सिजन देतो, तेही घाला. मॅडम म्हणाल्या, “कोणतंच झाड देत नाही!” बहुमताने घातलं. मग हिंदीत, मग इंग्रजीत. मग ज्यांनी सुचवलं त्यांची नावं. पाटी वाढत वाढत दरवाज्याएवढी झाली. एका खोडाला बांधता येईना, दोन बांबू रोवून उभी केली. मागे झाड आहे, हे वाकून बघितल्याशिवाय कळत नसे.

दुसऱ्याच दिवशी एका माणसाने रस्त्यावर गाडी थांबवली. काच खाली करून बोर्डाकडे पाहिलं आणि मला विचारलं, “अंकलजी, यहाँ कौन-सा टावर आ रहा है? बुकिंग चालू है?”

*

एवढं लिहिण्याची गरजच नाही, असं निखिलचं मत. त्याने प्रत्येक पाटीवर क्यूआर कोड टाकला. मोबाइल धरला की झाडाची पूर्ण माहिती, फोटो, पक्ष्यांचे आवाज. भारी काम केलं होतं, खोटं कशाला बोलू.

फक्त पट्ट्यात नेटवर्क येत नाही. नेटवर्कसाठी गेटपर्यंत चालत जावं लागतं. म्हणजे कडुनिंबाची माहिती वाचायची तर कडुनिंब दिसणार नाही इतकं लांब जायचं.

सकाळी फिरायला येणारे एक गृहस्थ आहेत, बँकेतून रिटायर झालेले. ते कडुनिंबासमोर बराच वेळ मोबाइल धरून उभे होते. मोबाइल वर केला, आडवा केला, झटकला. शेवटी खिशात टाकला आणि जड आवाजात मला म्हणाले, “नीम का सर्वर डाउन है.”

मग सवयीने एक काडी मोडली आणि दात घासत निघून गेले.

*

पावसाळ्यात पट्टा हिरवागार होतो, काही ओळखू येत नाही. आत एका ठिकाणी गुळवेल वरपर्यंत चढलेली. मॅडमनी वेल लगेच ओळखली. पण वेल ज्याच्यावर चढली ते झाड कोणतं? खोड दिसेना. फांदी दिसेना. खाली चिखल, मॅडम पुढे जाईनात.

निखिलने मोबाइलने फोटो काढला. त्याच्यात झाडं ओळखायचं अ‍ॅप आहे. अ‍ॅप म्हणालं, अशोक. खात्रीने!

मॅडम लांबूनच म्हणाल्या, “सरळसोट वाढलाय, फांद्या नाहीत. असेल, अशोक असेल.” पाटी तयार झाली. ‘अशोक. सदाहरित. दाट सावली देतो.’

मी चिखलात उतरलो. वेलीत हात घालून तार फिरवली. हाताला गार लागलं. बोटाने वाजवलं तर टणटण वाजलं. मी पाटी बांधली आणि वर आलो. माझं काम बांधायचं.

दिवाळीच्या आधी एक लाइनमन आला. डोकं खाजवत गेटपाशी उभा. “अंकलजी, वो पुराना बत्ती का खंभा उखाड़ना है. पर उस पे तो लिखा है सदाबहार. अब परमिशन बिजलीवालों से लूँ या जंगलवालों से?”

निखिल माझ्याकडे वळला. “काका, बांधताना कळलं नाही तुम्हाला?”

“कळलं.”

“मग बोलला का नाहीत!”

“अ‍ॅप खात्रीने सांगत होतं.”

*

एका रविवारी एका कंपनीची माणसं मदतीला आली. सगळ्यांचे हिरवे टी-शर्ट सारखे. पाटी एकाने धरायची आणि बाकीच्यांनी फोटो काढायचा, अशी मदत. दुपारपर्यंत त्यांनी एक पाटी बांधली. ती मी नंतर सोडून परत बांधली.

त्यांच्या मुख्य बाई म्हणाल्या, आता सगळ्यांनी आपापल्या आवडीच्या झाडाला मिठी मारा, व्हिडिओ करायचाय. मी म्हटलं, “मॅडम, उस को मत–”

“अंकलजी, प्लीज, फ्रेम में मत आइए!”

मी फ्रेममधून बाहेर आलो. बाईंनी डोळे मिटले, हात पसरले आणि वेड्या बाभळीला घट्ट मिठी मारली.

काट्यांसकट.

व्हिडिओ मात्र उत्तम आला. डोळ्यांत खरोखरचं पाणी. निखिलने नंतर दाखवला. खाली कंपनीने लिहिलं होतं, ‘निसर्गाच्या सान्निध्यात भावनिक क्षण’.

*

थंडी पडली आणि साहेब येणार असा निरोप आला.

आता मल्होत्रा साहेबांच्या आईबद्दल सांगायला हवं. बीजी. सलवार-कमीज, पायात नातवाचे टाकलेले स्पोर्ट्स शूज, हातात काठी. वाटेच्या वळणावर एक जुनी, जाड वेडी बाभूळ आहे. तिच्याखाली क्लब हाउसच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. त्या तिथे कोणी नेल्या ते विचारू नका. बीजी रोज तिथे बसतात. थंडीत ऊन चांगलं येतं. टॉवरमधल्या आणखी दोघी-तिघी असतात. मटार सोलतात, स्वेटर विणतात, सुनांबद्दल बोलतात. मी थोडा लांब बसतो.

आमचं बोलणं फार नाही. “आ गए, भाई साब?” “आ गया.” झालं.

मल्होत्रा साहेबांना वाटतं, आई सत्संगाला जाते. त्यांनी कधी विचारलं नाही. माझ्या मुलानेही मला कधी विचारलं नाही, मी कुठे जातो. असो.

आदल्या दिवशी मी पाट्या पुसत होतो. बीजी म्हणाल्या, “आज बड़ी सफाई हो रही है?”

मी सांगितलं. कल साहब आएगा. कोई ये जगह इस्तेमाल करता है या नहीं, देखेगा. नहीं तो पार्किंग.

“पार्किंग किसने माँगी?”

मी पाटी पुसत राहिलो. दुसऱ्याच्या घरात भांडण लावायचं काम मी साहेबांच्या गाड्या चालवतानाही केलं नाही.

बीजी माझ्याकडे बघत राहिल्या. मटाराची एक शेंग सोलून झाली. मग म्हणाल्या, “हूँ.” थोड्या वेळाने, “मेरे पेड़ पे बोर्ड क्यों नहीं?”

“मॅडम नहीं लगाती. बोलती है, बाहर का है.”

“तू लगा.”

रिटायर झाल्यापासून मी कोणाचा हुकूम घेतलेला नाही. हा घेतला. एक कोरी पाटी पडून होती. रंग होता. मॅडमच्या पाट्यांवर ठरलेल्या तीन गोष्टी असतात. नाव, मूळ ठिकाण, उपयोग. मी एकेक विचारत गेलो, बीजी सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. अक्षर माझं मोठं आहे. लांबून वाचता येतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. बरोबर फाइल घेतलेला एक बाबू. मल्होत्रा साहेब ब्लेझर घालून. गोखले मॅडम इस्त्रीच्या साडीत. निखिल लॅपटॉप घेऊन. मी सगळ्यांच्या मागे.

सुरुवात मॅडमनी चांगली केली. शिरीष, कडुनिंब, पळस. प्रत्येकापुढे थांबून लॅटिन. साहेब आधी मान हलवत होते, मग घड्याळ बघायला लागले. निखिलने त्यांना क्यूआर कोड दाखवला. साहेबांनी मोबाइल धरला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मल्होत्रा साहेबांनी बरोबर वेळ साधली. “सर, बोर्ड तो इन लोगों ने टाँग दिए. पर आता कौन है यहाँ? और आगे देखिए, सब कीकर है. एक पे भी बोर्ड नहीं. इन्होंने खुद नहीं लगाया! मतलब ये भी मानते हैं कि काम का पेड़ नहीं है.”

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. “क्यों मॅडम? इन पर क्यों नहीं?”

मॅडमनी तोंड उघडलं. पहिल्यांदाच त्यातून लॅटिन आलं नाही. मराठीही आलं नाही.

“और साँप, सर! साँप ही साँप. हमारी फैमिली से तो कोई इधर पैर नहीं रखता.”

साहेबांनी बाबूला खूण केली. बाबूने फाइल उघडली. मला वाटलं, संपलं. उद्यापासून चौदावा मजला.

“सर, थोड़ा आगे,” मी म्हटलं. “मोड़ तक.”

“अंकलजी, सर के पास टाइम नहीं है,” मल्होत्रा साहेब म्हणाले.

“मोड़ तक,” मी पुन्हा म्हटलं. साहेब लोकांना कुठे न्यायचं असेल तर आवाज चढवायचा नसतो. चालायला लागायचं. मी चाललो. ते मागून आले.

वळणावर पाटी दिसली. मॅडम जागच्या जागी थांबल्या आणि निखिलच्या कानात म्हणाल्या, “ही कोणी लावली? हिला ठराव कुठे आहे?”

साहेब पाटीजवळ गेले. चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं.

“नाम – कीकर. मूल स्थान – पता नहीं, अब यहीं है. उपयोग – बीजी यहाँ बैठती है.”



साहेबांनी वळून विचारलं, “ये बीजी कौन है?”

मल्होत्रा साहेबांनी आधी पाटीकडे पाहिलं, मग खोडाच्या पलीकडे दिसणाऱ्या स्पोर्ट्स शूजकडे. रंग उतरला. “मम्मी हैं, सर,” ते म्हणाले. एवढा हळू आवाज सोसायटीच्या मीटिंगमध्ये आम्ही कधी ऐकला नव्हता.

“मैं हूँ जी,” पलीकडून आवाज आला. “इधर आ जाओ साब, इधर धूप है.” आणि मग, “तू भी आया है, पुत्तर? सँभल के. यहाँ तो सुना है साँप हैं.”

बाकीच्या बायकांनी स्वेटरात तोंडं लपवली.

साहेब गेले. एका बाईंनी खुर्ची रिकामी करून दिली. साहेब बसले. बीजींनी मटाराची ताटली त्यांच्या मांडीवर ठेवली, काही विचारलं नाही. साहेबांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. दुसरी फोडली. उन्हाकडे पाठ केली. घड्याळ बघायचं थांबलं.

थोड्या वेळाने बाबू खाकरला. “सर, फाइल में क्या डालूँ?”

“लिखो, जगह उपयोग में है.”

“सर, कौन-से उपयोग में?”

साहेबांचं तोंड भरलेलं होतं. उत्तर बीजींनी दिलं.

“लिख पुत्तर, बैठने के.” मग उभ्या असलेल्या मुलाकडे काठी रोखली. “और नीचे इसका भी नाम लिख ले. कल से ये भी आएगा. मटर बहुत हैं.”